सत्काराच्या रविवारी

मला पुण्यातल्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात जागा मिळाल्याचं कळलं तेव्हा पप्पा आमच्या खोलीत उकिडवे बसून लोखंडी पलंगाचे नट सोडवत होते. पलंग घेऊन जायला शेजारच्या चाळीतला माणूस संध्याकाळी येणार होता. मी मोबाइल त्यांच्यासमोर धरला. त्यांनी पाना खाली ठेवला, हात पँटला पुसले, स्क्रीनवरचं माझं नाव दोनदा वाचलं आणि म्हणाले, "लई मोठं काम केलंस माय." मग पुन्हा पाना उचलला.

आम्ही मूळचे हिंगोलीकडचे. मी शाळेत जायला लागले त्या सुमारास पप्पा चाकणला कामाला आले आणि वर्षभराने आम्हाला महाळुंग्याला घेऊन आले. एका गाववाल्याने आपल्या शेतात ओळीने बांधलेल्या खोल्यांपैकी एक खोली आमची. मागच्या भिंतीपलीकडे कंपनी, पुढे रस्ता, रस्त्यापलीकडे दुसरी कंपनी. पप्पा गाड्यांचे बंपर रंगवायच्या कामावर होते. काम कंत्राटदाराकडचं, पण ते स्वतःला कंपनीतलाच माणूस समजत आणि आम्हीही तसंच सांगत असू. माझ्या धाकट्या बहिणीला त्यांच्या शर्टाचा थिनरचा वास आवडायचा. ते शिफ्टवरून आले की ती त्यांच्या पाठीला चिकटून बसायची आणि आई ओरडायची, की त्यांना आधी हातपाय तरी धुऊ दे.

मी बारावीत होते त्या वर्षी दिवाळीनंतर कंपनीने बंपर रंगवायची ती लाइनच परराज्यात हलवली. कंत्राटदाराने गेटवर सगळ्यांना उभं करून सांगितलं की सोमवारपासून येऊ नका. पप्पांनी सुरुवातीला फार मनावर घेतलं नाही. एवढ्या कंपन्या आहेत, कुठंतरी लागेल, असं ते म्हणत. रोज सकाळी दाढी करून ते एकेका गेटवर जाऊन उभे राहायचे. गेटवरचा माणूस आधी वय विचारायचा. वय ऐकलं की पुढचं काही विचारतच नसे. सगळ्यांना विशी-पंचविशीतली पोरं हवी होती. मग पप्पा चाकणच्या बाजारात कांद्याच्या गोण्या उचलायला गेले. उन्हाळ्यापर्यंत कसंबसं चाललं, नंतर त्यांची कंबर धरली. सकाळी उठताना ते भिंतीला हात लावून उठायचे आणि आम्ही बघत नाही ना हे पाहायचे.

आई खोल्यांतल्या एकट्या कामगारांना डबे करून द्यायची. घर त्याच्यावर चालू होतं. तेवढ्यात गावाकडून काकांचा फोन आला. तालुक्याच्या गावी त्यांची पिठाची गिरणी होती, त्यांना आता झेपत नव्हती. "तू ये, गिरणी सांभाळ, वर दोन खोल्या आहेत," असं ते म्हणाले. पप्पांनी फोन ठेवला तेव्हा कितीतरी महिन्यांनी त्यांचा चेहरा मोकळा दिसला. निर्णय त्याच वेळी झाला होता. आम्हाला तो नंतर कळला एवढंच.

धाकटी तर नाचलीच. ती नववीत होती. तिथे चुलत भावंडं होती, खेळायला जागा होती, आणि मुख्य म्हणजे पप्पा दिवसभर घरीच असणार होते. माझ्याबद्दल पप्पा म्हणाले की तिथेही कॉलेज आहे, बीएस्सी कर. हे त्यांनी रागाने नाही, समजावल्यासारखं सांगितलं.

मला हे पटण्यासारखं नव्हतं, कारण मध्ये दोन वर्षं मी त्या वर्गाला गेले होते.

तो वर्ग म्हणजे आमच्या भागातल्या मुलांना अकरावी-बारावीत प्रवेश परीक्षांची तयारी करून देणारी एक संस्था होती. एका शाळेच्या दोन खोल्यांमध्ये संध्याकाळी आणि रविवारी वर्ग भरायचा. कंपनीतून निवृत्त झालेले एक सर तो चालवायचे आणि तळवड्याच्या आयटी पार्कात नोकरी करणारी काही माणसं शिकवायला येत. गणिताच्या मॅडम त्यांतल्याच. त्या माझ्यापेक्षा फार तर सात-आठ वर्षांनी मोठ्या असतील. सुरुवातीला मला त्यांचं काहीच कळायचं नाही, पण त्या फळ्यावर एखादं उदाहरण अर्धवट सोडून आमच्याकडे बघायच्या आणि कुणीतरी बोलेपर्यंत थांबायच्या. त्या शांततेत मी पहिल्यांदा माझ्या डोक्याने काहीतरी सोडवलं. ती चव लागल्यावर मला दुसरं काही नको झालं. डबे भरताना, भांडी घासताना माझ्या डोक्यात तीच गणितं चालायची. आई म्हणायची, ही आपल्यात नसतेच हल्ली.

तर कॉलेज मिळालं, आणि राहायचं कुठे हा प्रश्न आला. मी वसतिगृहाची चौकशी केली. तिथे लांबून येणाऱ्या मुलींना आधी जागा देत, आणि माझ्या आधारकार्डावर पत्ता महाळुंग्याचा. जे घर आम्ही सोडत होतो त्याच घरामुळे माझा नंबर लागणार नव्हता. खिडकीपलीकडच्या बाईंना मी हे सांगून पाहिलं. त्या वाईट नव्हत्या. त्या म्हणाल्या, बाळा, गावचा पत्ता करून घे, मग पुढच्या वर्षी बघू.

मी मॅडमना सांगितलं. त्या दुसऱ्याच दिवशी ऑफिस सुटल्यावर आमच्या घरी आल्या. पप्पांनी त्यांना खुर्ची दिली, धाकटीला दुधाची पिशवी आणायला पाठवलं, चहा दिला. मॅडमनी या कॉलेजाचं महत्त्व सांगितलं, माझं किती कौतुक आहे ते सांगितलं. पप्पा हो हो म्हणत राहिले. मॅडमनी विचारलं की मुलींच्या पीजीत ठेवता येईल का, संस्था थोडी मदत करेल. पप्पांनी मान खाली घातली. मॅडम गेल्यावर त्यांनी मला समोर बसवलं. पोरगी परक्यांच्या भरवशावर शहरात सोडून आपण गावी जाऊन बसायचं, हे त्यांना जमणार नव्हतं. आणि घरातलं असं बाहेर जाऊन सांगायचं नाही, हेही त्यांनी सांगितलं. आवाज चढवला नाही. त्यांनी आवाज चढवला असता तर मला भांडता आलं असतं.

त्यानंतरचे दिवस मला नीट आठवत नाहीत. एकेक वस्तू घरातून जात होती. पलंग आधीच गेला होता, मग मिक्सर गेला, धाकटीची सायकल गेली. मी जेवत होते, झोपत होते, एवढंच. मी आईशी बोलायला गेले की ती डबे मोजायला लागायची. एकदा मी तिला विचारलं की तुला तरी काय वाटतं. ती म्हणाली, "मला वाटून काय करावं?" आणि पोळ्यांचा डबा बंद केला.

वर्गाचा सत्काराचा कार्यक्रम रविवारी होता आणि मंगळवारी टेम्पो येणार होता.

दरवर्षी निकाल आणि प्रवेश झाले की संस्था मुलांचं कौतुक करायची. त्या वर्षी मॅडमनी खटपट करून तळवड्यातला एक एसी हॉल मिळवला होता. पप्पा यायला तयार नव्हते. सर स्वतः फोनवर बोलले, तेव्हा ते तयार झाले. त्यांनी लग्नकार्यात घालायचा पांढरा शर्ट काढला. आईने तिची एकुलती एक सिल्कची साडी नेसली. रिक्षात आम्ही चौघं दाटीवाटीने बसलो होतो आणि धाकटी विचारत होती की तिथे जेवण आहे की नुसता नाश्ता.

हॉलच्या दाराशी आम्हा सगळ्या मुलांचे फोटो असलेला मोठा फ्लेक्स लावला होता. कुणी मेडिकलला गेलं होतं, कुणी नर्सिंगला, एक मुलगा हैदराबादला. माझ्या फोटोखाली माझ्या कॉलेजचं नाव होतं. पप्पा त्याच्यापुढे बराच वेळ उभे राहिले. लोक त्यांना ओलांडून आत जात होते. शेवटी आईने त्यांच्या कोपराला हात लावला तेव्हा ते हलले.

आत मुलांना पुढच्या रांगेत बसवलं होतं. मला भाषणाच्या दोन ओळी पाठ करायला दिल्या होत्या. आईवडिलांचे, सरांचे आणि संस्थेचे आभार, बस्स. पाहुणे म्हणून एका मोठ्या कंपनीतले अधिकारी आले होते. ते चांगलं बोलले, मुलांना हसवलं. मग म्हणाले, की या पट्ट्याचं वैशिष्ट्य असं की इथे ज्याची कष्ट करायची तयारी आहे, त्याला काम मिळालं नाही असं होत नाही. टाळ्या पडल्या. मी मागे वळून पाहिलं. पप्पाही टाळ्या वाजवत होते.

ते पाहिलं आणि मी पुढे वळून दोन्ही हातांनी खुर्ची धरली. माझ्या शेजारी बसलेली मुलगी हळूच विचारत होती की बरं वाटत नाही का. मला रडू येत नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की हे सगळं आता तासाभरात संपेल, फ्लेक्स उतरवतील, आणि मंगळवारी मी टेम्पोत पाण्याच्या पिंपाशेजारी बसलेली असेन. इथे एवढी माणसं एका जागी आहेत. उद्या यांतलं कुणीही मला भेटणार नाही.

माझं नाव पुकारलं. पालकांना सोबत बोलावत होते. आई उठली नाही, लाजली, पप्पांनाच पुढे केलं. पाहुण्यांनी मला शाल घातली आणि नारळ पप्पांच्या हातात दिला. फोटो काढला. सूत्रसंचालन करणाऱ्या ताईंनी माइक माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, दोन शब्द बोल.

मी म्हणाले, "मला कॉलेज मिळालंय, पण मी तिथे जाणार नाहीये. पप्पांचं काम गेलंय. परवा आम्ही सगळे गावी चाललोय. मला जायचं नाही. मला राहायला जागा नाही. कुणाच्या घरात मला झोपण्यापुरता कोपरा असेल तर सांगा. मी घरातलं सगळं काम करीन."

हॉल एकदम गप्प झाला. मग मागून कुणीतरी सवयीने टाळ्या वाजवायला सुरुवात केली, आणखी दोघातिघांनी साथ दिली, आणि त्यांच्या लक्षात आल्यावर ते थांबले. पाहुणे सरांकडे वाकून काहीतरी विचारत होते. पप्पा माझ्या बाजूला होते, हातभर अंतरावर. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. मला फक्त ऐकू आलं, की त्यांनी नारळ टेबलावर ठेवला. मग ते पायऱ्या उतरले आणि दोन्ही बाजूच्या खुर्च्यांमधून सरळ चालत दाराबाहेर गेले. धाकटी त्यांच्यामागे पळाली.

सरांनी माझ्या हातातून माइक घेतला. संस्था या बाबतीत नक्की विचार करेल, आपल्या मुलांना आपण वाऱ्यावर सोडत नाही, असं काहीतरी ते म्हणाले आणि पुढचं नाव पुकारलं.

कार्यक्रम संपल्यावर नाश्त्याच्या टेबलापाशी लोक माझ्याकडे आले. एका बाईंनी माझा नंबर घेतला. त्यांची खोली रिकामी होती, पण सासूबाईंना विचारावं लागणार होतं. पाहुण्यांसोबत आलेल्या तरुणाने वडिलांचा बायोडेटा पाठव म्हणून सांगितलं. कुणी डोक्यावरून हात फिरवला, कुणी म्हणालं, किती धीट आहेस. मॅडम रडत होत्या. त्या स्वतः तीन मैत्रिणींबरोबर एका फ्लॅटमध्ये राहायच्या आणि घरमालक चौथ्या माणसालाच कटकट करत होता. सगळे भले होते. पण "चल माझ्या घरी" असं कुणीही म्हणालं नाही. मी प्लेट हातात धरून उभी होते. शब्द तर सगळे संपले होते, आणि काहीच झालं नव्हतं. आता घरी जायचं होतं, त्याच माणसाबरोबर.

आईची खुर्ची रिकामी होती. मी बाहेर आले.

गेटजवळ, कंपनीच्या बसेस थांबतात तिथे तिघं उभी होती, आणि त्यांच्यापासून जरा बाजूला वर्गातल्या एका मुलाची आई. या बाई हॉलमध्ये माझ्या आईच्या शेजारी बसल्या होत्या. तळवड्यातच एका छोट्या कारखान्यात कामाला होत्या. नवरा बरीच वर्षं नव्हता.

पप्पा मला पाहून म्हणाले, "लोकाच्या घरी भांडी घासते म्हनलीस. माझ्यासमोर."

मी खोटं बोलले नव्हते, आणि हेही कळत होतं की त्यांना याहून खोल लागेल असं काही मी बोलू शकले नसते. पुन्हा तीच वेळ आली तर मी पुन्हा तेच बोलेन. तेव्हाही मला हे माहीत होतं.

तेव्हा आई बोलली. तिने पप्पांकडे नाही, रस्त्याकडे बघत सांगितलं, की या ताईंच्या बाजूची खोली रिकामी आहे, आणि त्यांच्या कारखान्यात बायका घेतायत. मी स्टेजवर असताना, सगळा हॉल गप्प झालेला असताना, या दोघींचं तेवढं बोलणं झालं होतं.

"मी ऱ्हाते इथं," आई म्हणाली. "पोरीला घेऊन."

पप्पांना आधी समजलंच नाही. मग त्यांनी विचारलं, "तू एकटी? कामाला जानार?"

"बाया जातेतच की."

"आन मी?"

हे त्यांनी अगदी हळू विचारलं. गाड्यांच्या आवाजात मला ते जेमतेम ऐकू आलं. आईने पदर डोक्यावरून सारखा केला. तिच्या गालावरून पाणी ओघळत होतं, पण आवाज सरळ होता.

"तुमी गिरणी सांबाळा. तुमाला बी आता माणसात बसाय पायजे. तिची चार वर्सं होऊ द्या."

त्या दुसऱ्या बाई तोंड फिरवून उभ्या होत्या. धाकटीने पप्पांचा शर्ट मुठीत धरला होता. ती म्हणाली, "मी पप्पांसंग जाते." आई म्हणाली, तुझी शाळा इथं आहे, दहावी होईपर्यंत इथंच. धाकटीने माझ्याकडे पाहिलं.

रिक्षात आम्ही परत चौघंच होतो. रस्ता तोच होता आणि रिक्षाही एकच परवडणारी होती.

मंगळवारी टेम्पो आला. पप्पांनी त्यांचं सामान वेगळं काढलं. एक गादी, एक पेटी, चार भांडी. बाकीचं आमच्यासाठी ठेवलं आणि विकलेल्या वस्तूंबद्दल आईला म्हणाले, थोडं थांबायला हवं होतं. निघताना धाकटीला जवळ घेतलं. माझ्या डोक्यावर हात ठेवला, पण बोलले नाहीत. टेम्पो वळणावर गेला तेव्हा धाकटी त्याच्यामागे रस्त्यापर्यंत पळाली आणि तिथेच बसली. मी तिला उठवायला गेले. ती म्हणाली, "तुझ्यामुळं झालं." मग मी तिच्या शेजारी मातीत बसले आणि आम्ही दोघी तशाच बसून राहिलो, आई हाका मारत आली तोपर्यंत.

तळवड्याची खोली महाळुंग्याच्या खोलीपेक्षा लहान होती. आई रबराचे भाग तपासायच्या कामाला लागली. टेबलावर दिवा, त्याखाली काळ्या रबराच्या चकत्या. भेग असली की बाजूला काढायची. बारा तास तेच. घरी आली की ती डोळ्यांवर ओला रुमाल ठेवून पडायची आणि मी स्वयंपाक करायचे. मला निगडीपर्यंत बस, तिथून पिंपरीला दुसरी बस, मग मेट्रो, मग चालत. कॉलेजात सगळं इंग्रजीतून होतं. पहिल्या सेमिस्टरला माझा एक विषय राहिला. तो निकाल मी घरी सांगितला नाही असं नाही. आईला सांगितला. ती भाकरी थापत होती. तिने तवा खाली उतरवला, गॅस बंद केला आणि खाली मान घालून बसली. मला ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "आता कुणीकडं जावं आपन?" मला त्या दिवशी जितकं निराधार वाटलं तितकं स्टेजवरही वाटलं नव्हतं. मी तो विषय पुढच्या वेळी सोडवला. पण ते वाक्य माझ्यातून गेलेलं नाही.

पप्पांचा फोन रोज यायचा. ते आधी आईशी बोलत, मग धाकटीशी. माझ्यासाठी निरोप असायचा, ताईला म्हणावं जपून जा. दिवाळीला ते आले तेव्हा बाहेर चपला काढून दारातच थांबले. आंघोळीला जाताना टॉवेल कुठे आहे ते विचारलं. जेवताना मीठ मागितलं, आणि आईने डबा पुढे केला तेव्हा थँक्यू म्हणाले. त्यांच्या तोंडी तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला. आई उठून मोरीकडे गेली.

दोन वर्षांनी वर्गाच्या सत्काराच्या कार्यक्रमाला मला जुनी विद्यार्थिनी म्हणून बोलावलं. धाकटी दहावी पास झाली होती, तिलाही अकरावीत त्याच वर्गाला घालायचं आईच्या मनात होतं, म्हणून आम्ही तिघी गेलो. सरांनी माझी गोष्ट सांगितली. अशी मुलगी होती, जिने याच व्यासपीठावरून मदत मागितली, आणि आज ती इंजिनिअर होते आहे. ते मनापासून बोलत होते. त्यांना तशीच ती आठवत होती. सगळा हॉल उभा राहून टाळ्या वाजवत होता. मला हात जोडावे लागले. मी धाकटीकडे पाहिलं. ती मांडीवर हात ठेवून बसली होती.

परतताना बसमध्ये ती आईला म्हणाली, की मला या वर्गाला जायचं नाही, मला पप्पांकडे जायचंय. आई म्हणाली, तिथे असा वर्ग नाही. ती म्हणाली, "पप्पा एकटेच जेवतेत तिथं. तुमी दोघी हायत ना एकमेकींना." तिचं बोलणं अजून पप्पांसारखं होतं. माझं कधीच बदललं होतं, हे मला तेव्हा ऐकू आलं. घरी पोचल्यावर आईने पेटी काढली आणि धाकटीचे कपडे घड्या घालायला घेतले.

पप्पा तिला न्यायला आले. निगडीला खासगी बस थांबते तिथे आम्ही चौघं उभे होतो. आई धाकटीला सांगत होती की गिरणीच्या पट्ट्याजवळ ओढणी घेऊन जायचं नाही, केस बांधायचे. पप्पा माझ्या बाजूला येऊन उभे राहिले. त्यांच्या भुवयांमध्ये पीठ बसलं होतं. ते म्हणाले, "हिला बी शिकवीन मी. तिथं जेवढं आसंल तेवढं." मी हो म्हणाले. एवढंच बोलणं झालं. पण दोन वर्षांत त्यांनी माझ्याशी थेट बोललेलं ते पहिलं वाक्य होतं. मी त्याला धरून बसले आहे.

आता माझं शेवटचं वर्ष सुरू आहे. नोकरी लागेल असं सगळे म्हणतात. मला खात्री वाटत नाही. पप्पांनाही सगळे म्हणायचे, एवढ्या कंपन्या आहेत. वसतिगृहात मला जागा मिळाली होती मध्ये, गावचा पत्ता करून घेतल्यावर, तिसऱ्या वर्षी, पण आईला एकटं टाकून जाववलं नाही.

आईचे डोळे बिघडलेत. कारखान्यातल्या डॉक्टरांनी काम बदलायला सांगितलं आहे, पण कारखान्यात दुसरं काम नाही. गेल्या रविवारी धाकटीचा व्हिडिओ कॉल आला. ती गिरणीत होती, मागे पप्पा गिऱ्हाइकाच्या डब्यात पीठ भरत होते. यंत्राच्या आवाजात ती काय बोलते ते आम्हाला नीट ऐकू येईना. आईने मोबाइल आधी जवळ धरला, मग लांब धरला, मग खिडकीकडे वळवला.

"हसायली ना ती?" तिने मला विचारलं.

मी वाकून पाहिलं. धाकटी पिठाने माखलेली होती आणि कुणाला तरी ओरडून काहीतरी सांगत होती.

"हो," मी म्हणाले. "हसतेय."